लेड +२ वर का थांबतं आणि टिन +४ पर्यंत का जातं: इनर्ट पेअरचा हिशोब

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: पी-ब्लॉकमध्ये (आवर्तसारणीच्या उजवीकडचे तेरा ते अठरा हे गण, म्हणजे उभे स्तंभ) गणात खाली येताना ‘इनर्ट पेअर इफेक्ट’मुळे वरची ऑक्सिडेशन अवस्था (अणूने बंधांत किती इलेक्ट्रॉन दिले असं धरायचं, तो आकडा) डळमळीत होते आणि तिच्याहून दोनने कमी असलेली अवस्था टिकाऊ ठरते, हे तोंडपाठ आहे. मग टेट्राइथाइल लेड (लेडला, म्हणजे शिशाला, चार इथाइल गट जोडलेलं संयुग) +४ मध्ये असूनही इतकी वर्षं पेट्रोलमध्ये कसं वापरलं गेलं? आर्सेनिक पेंटाक्लोराइड मिळता मिळत नाही आणि त्याच्या खालच्या अँटिमनीचं मात्र बाटलीत विकत मिळतं, हे कसं? थॅलियम ट्रायआयोडाइडमध्ये थॅलियम +१ का? आणि ११४ व्या मूलद्रव्याचं काय होणार?

चारही प्रश्न नेमके तिथे आहेत जिथे पाठ केलेलं वाक्य अडखळतं. अडखळण्याचं कारणही सरळ आहे. ‘इनर्ट पेअर’ ही संज्ञा नेव्हिल सिजविक यांनी १९२७ मध्ये रूढ केली. थॅलियम, लेड, बिस्मथ यांच्या बाहेरच्या कवचातली एस-जोडी (एस-कक्षेतले दोन इलेक्ट्रॉन) बंधात उतरायला कचरते, असं निरीक्षण होतं. त्याला हे नाव मिळालं. उत्तरपत्रिकांत मात्र ते कारण म्हणून येतं. जोडी इनर्ट आहे म्हणून लेड +२ देतं, आणि लेड +२ देतं म्हणून जोडी इनर्ट! असं गोल फिरत राहण्यापेक्षा आकडे घेऊन बसू.

टिन आणि लेडची ऑक्साइडं घ्या. एक मोल टिनचं स्टॅनस ऑक्साइड (+२ मधल्या टिनचं ऑक्साइड) झालं की सुमारे २८१ किलोज्यूल बाहेर पडतात. त्यावर आणखी एक ऑक्सिजन चढवला, म्हणजे +२ चं +४ केलं, की आणखी सुमारे २९७. दुसरा ऑक्सिजन पहिल्याहून थोडं जास्तच देऊन जातो. आता लेड. पहिल्या ऑक्सिजनला सुमारे २१९, दुसऱ्याला जेमतेम ५८. सगळी गोष्ट या ५८ मध्ये आहे. लेड डायऑक्साइड बनताना ऊर्जा बाहेर पडतच नाही असं नाही. पडते, पण इतकी थोडी की जरा तापवलं, ऑक्सिजन वायू म्हणून निसटायला वाव मिळाला, की ते मागे फिरतं आणि शेवटी लेड मोनॉक्साइड उरतं.

याच आकड्यांवरून पुढची पायरी काढता येते. स्टॅनस ऑक्साइडचे दोन मोल घेऊन त्यांचं टिन धातू आणि टिन डायऑक्साइड केलं तर थोडी का होईना, ऊर्जा सुटते. प्रत्यक्षात हवा लागू न देता ३००-४०० अंशांच्या पुढे तापवलं की ते तसंच फुटतं: +२ मधून ० आणि +४. लेड मोनॉक्साइडचं असं करायला गेलात तर सुमारे १६० किलोज्यूल पदरचे घालावे लागतील. म्हणजे लेडच्या बाबतीत वाट उलट्या दिशेने उतरते. धातूरूप लेड आणि +४ मधलं लेड समोरासमोर आणा, दोघंही +२ कडे धावतात. गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये हेच एका भांड्यात बसवलं. एका पट्टीवर लेड, दुसऱ्या पट्टीवर लेड डायऑक्साइड, मध्ये सल्फ्युरिक आम्ल, आणि डिस्चार्ज होताना दोन्हीकडे लेड सल्फेट. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी लेडच्या +२ वरच्या याच ओढीवर चालते. ऑक्साइडचं सल्फेट होतानाही ऊर्जा सुटते, तीही त्यात जमा होते.

आता इथेच एक खोच आहे. टिनचं +२ कोरड्या ऑक्साइडमध्ये फुटतं, हे आत्ता पाहिलं. पण प्रयोगशाळेतली स्टॅनस क्लोराइडची बाटली आठवा. तळाशी टिनचे दाणे टाकलेले असतात आणि द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लाने चांगलं आम्लधर्मी ठेवलेलं असतं. दाणे कशासाठी? हवेतल्या ऑक्सिजनने काही टिन +४ मध्ये गेलंच तर धातू त्याला परत +२ वर ओढून आणतो. टिन +४ ते +२ चं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये) +०.१५ व्होल्ट, +२ ते धातूचं −०.१४, फरक ०.२९ व्होल्टचा आणि तो +२ च्या बाजूने. तेच मूलद्रव्य, त्याच तीन अवस्था, आणि द्रावणात दिशा एक तर तापलेल्या घन ऑक्साइडमध्ये दुसरी! म्हणून ‘टिनची कोणती अवस्था स्थिर?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणाबरोबर, कोणत्या माध्यमात, कोणत्या अवस्थेच्या तुलनेत, हे जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आता खर्चाची बाजू. वरच्या अवस्थेत जायचं तर एस-जोडी मोकळी करावी लागते. आयनिक चित्र धरलं तर चौदाव्या गणात हा खर्च म्हणजे तिसरी आणि चौथी आयनीभवन ऊर्जा, तिसरा आणि चौथा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी. दोन्हींची बेरीज जर्मेनियमला सुमारे ७७१०, टिनला ६८७० आणि लेडला ७१६० किलोज्यूल प्रति मोल. अणू मोठा होत जातो, तेव्हा टिनहून लेडला कमी पडायला हवी होती. उलट २९० नी वाढली. इथवर पुस्तकातलं वाक्य बरोबर. पण जर्मेनियमकडे पाहा. त्याचा खर्च तिघांत सर्वांत जास्त, तरी जर्मेनियम डायऑक्साइड ठणठणीत आहे आणि जर्मेनियमचं +२ च टिकवायला त्रास होतो. तेराव्या गणातही तेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या आयनीभवन ऊर्जेची बेरीज गॅलियमला सुमारे ४९४०, इंडियमला ४५२५, थॅलियमला ४८५०. निव्वळ खर्चावर ठरलं असतं तर गॅलियमने +१ ला चिकटून बसायला हवं होतं आणि थॅलियमने त्याच्यापेक्षा सहज +३ दिलं असतं.

म्हणजे जमेची बाजू बघायलाच हवी. रसेल ड्रॅगो यांनी १९५८ मध्ये बोट ठेवलं ते यावरच. जोडी मोकळी करायला लागलेला खर्च नव्याने होणाऱ्या दोन बंधांतून भरून निघतो का? क्लोराइडांत बंधाची सरासरी ऊर्जा गॅलियमला सुमारे २४२ किलोज्यूल, इंडियमला २०६, थॅलियमला १५३. गॅलियम जास्त खर्च करतो, पण जास्त कमावतो. थॅलियम जवळपास तेवढाच खर्च करतो आणि कमाईत मार खातो. मला कोणी एका वाक्यात विचारलं तर मी हेच सांगतो: जड मूलद्रव्यांत जोडी सोडवायचा खर्च अपेक्षेइतका उतरत नाही आणि बंधांची कमाई मात्र उतरते. ‘६एस इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ घट्ट बसलेले असतात’ एवढ्यावर उत्तर संपवणाऱ्यांना मी अर्धे गुण देतो.

पण ते अर्धं का असेना, खरं आहे, आणि त्याचं मूळ मजेदार आहे. सहाव्या आवर्तात लेडपर्यंत पोचेस्तोवर मध्ये चौदा ४एफ इलेक्ट्रॉन भरलेले असतात. ते केंद्रकाचा प्रभार नीट झाकत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना जास्त ओढ बसते. हे सगळ्या पुस्तकांत असतं. दुसरं कारण सापेक्षतावादाचं. हायड्रोजनसारख्या अणूत सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण अणुक्रमांक भागिले १३७ इतका असतो. टिनसाठी ५० भागिले १३७, म्हणजे ०.३६, लेडसाठी ८२ भागिले १३७, म्हणजे ०.६०. त्या वेगाला इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान टिनमध्ये साधारण ७ टक्के वाढतं, लेडमध्ये २५ टक्के. वस्तुमान वाढलं की कक्षा आत ओढली जाते. हा आकडा १एसचा आहे, पण ६एसचाही काही भाग केंद्रकापर्यंत पोचतो, तेव्हा तीही आकसते आणि ऊर्जेने खाली बसते. ६पी मात्र तितकी आकसत नाही. शिवाय स्पिन आणि कक्षीय गतीच्या जोडणीमुळे तिचे दोन भाग पडतात, त्यातला एक थोडा आत येतो आणि दुसरा बाहेरच राहतो.

याचा परिणाम बंधांवर होतो तो असा. चार सारखे बंध करायचे तर एस आणि पी दोघांनी मिळून काम करायला हवं. कार्बनमध्ये २एस आणि २पी आकाराने जवळजवळ सारख्या, त्यामुळे संकरण, म्हणजे दोघी मिसळून सारख्या कक्षा होणं, छान जमतं. लेडमध्ये ६एस आत आणि ६पी बाहेर. जिथे पी-कक्षा समोरच्या अणूला भिडते, तिथवर एस नीट पोचतच नाही. म्हणून बंध दुबळे. खर्च का उतरला नाही आणि कमाई का घटली, दोन्हींची उत्तरं एका ठिकाणी मिळतात, म्हणून मला हा भाग आवडतो.

सापेक्षतावादाचा हा परिणाम किती मोठा, हे २०११ मध्ये उप्साला विद्यापीठातले राजीव अहुजा, फिनलंडचे पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने काढून दाखवलं. लेड-ॲसिड बॅटरीच्या एका सेलचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट; त्यातले १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतावादी परिणामांतून येतात. ते काढून टाकले तर लेड बरंचसं टिनसारखं वागेल आणि बॅटरी म्हणून त्याचा काही उपयोग राहणार नाही. गाड्या सापेक्षतावादामुळे सुरू होतात, असंच त्यांनी त्या लेखात म्हटलं आहे, आणि ही अतिशयोक्ती नाही.

आता टेट्राइथाइल लेडकडे. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली गोळा होतात. पहिली म्हणजे ते ऊर्जेच्या दृष्टीने स्थिर नाहीच. टेट्रामिथाइल आणि टेट्राइथाइल, दोघांचीही निर्मिती एन्थाल्पी धन आहे. सुट्या मूलद्रव्यांपेक्षा ती वरच्या पायरीवर बसलेली आहेत. मग टिकतात कशी? कारण खाली उतरायला सोपी वाट नाही. लेड-कार्बन बंध आधी तुटावा लागतो, आणि नेहमीच्या तापमानाला तो तुटत नाही. इंजिनात तापल्यावर तुटतो. तेच तर हवं होतं. बंध तुटून जे लेड ऑक्साइडचे कण होतात, तेच नॉकिंग, म्हणजे इंजिनात इंधनाचं अवेळी पेटणं, थोपवतात. १९२१ मध्ये टॉमस मिजली यांना हा गुण सापडला आणि जगाने त्याची जबर किंमत मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. अकार्बनी रसायनात लेड बहुतेक +२ आणि कार्बनबरोबर बहुतेक +४, असं का? मार्टिन काउप आणि पाउल फॉन रागे श्लायर यांनी १९९३ मध्ये हेच गणित केलं. मिथाइल गट एकेक काढून त्या जागी क्लोरीन किंवा फ्लोरीन बसवत गेलं की +४ चं लेड दोन गट सोडून +२ वर यायला अधिकाधिक उत्सुक होतं. विद्युतऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढणारा, गट लेडवरचा धन प्रभार वाढवतो. प्रभार वाढला की ६एस आणि ६पी दोन्ही आकसतात, पण ६एस जास्त. आधीच जुळत नसलेली जोडी आणखी बेजोड होते आणि लेडचे सगळेच बंध दुबळे पडतात. कार्बनची विद्युतऋणता लेडच्या फार पुढे नाही, म्हणून तिथे हे नुकसान कमी.

इथे कोणी हात वर करेल: मग लेड टेट्राफ्लोराइड घन स्वरूपात टिकतं, टेट्राक्लोराइड हा पिवळा तेलकट द्रव थोडा तापवताच क्लोरीन सोडून लेड डायक्लोराइड होतो, टेट्राब्रोमाइड त्याहून नाजूक आणि टेट्राआयोडाइड नाहीच, फ्लोरीन तर सर्वांत विद्युतऋण! बरोबर आहे. पण ही तुलना वेगळ्या अक्षावरची आहे. इथे प्रश्न असा की हॅलोजन रेणू म्हणून सुटून जायला किती राजी आहे. फ्लोरीनचा स्वतःशी बंध दुबळा आणि लेडशी मजबूत, शिवाय घन जालकाचा आधार. तो परत जायला तयार होत नाही. आयोडाइड मात्र स्वतःच इलेक्ट्रॉन द्यायला बसलेलं असतं.

हे सगळं परीक्षानळीत बघायचं तर शेंदूर घ्या. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे रेड लेड, रासायनिक भाषेत ट्रायप्लंबिक टेट्रॉक्साइड. (आज शेंदूर म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीत लेड असेलच असं नाही, आणि असेल तर तो विषारी आहे, प्रयोगशाळेतलं रेड लेडच वापरा, हातमोजे घालून.) एकाच स्फटिकात दोन भाग +२ आणि एक भाग +४ असं लेड त्यात असतं. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी केशरी पूड घेऊन तीवर विरल नायट्रिक आम्ल टाका आणि किंचित कोमट करा. केशरी रंग बघता बघता चॉकलेटी होतो. +२ वाला भाग नायट्रेट होऊन विरघळला, +४ वाला डायऑक्साइड म्हणून तळाशी बसला. गाळून घ्या. वरच्या नितळ द्रवात पोटॅशियम आयोडाइड टाकलं की लेड आयोडाइडचा पिवळाधमक साका. पाण्यात उकळून हळूहळू गार केला की सोनेरी चकत्या चमकत खाली येतात. गाळण कागदावरच्या चॉकलेटी गाळाचा कणभर भाग घेऊन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात टाका आणि तापवा. फ्यूम हूडमध्येच करा, कारण क्लोरीन सुटतो. नळीत पांढरं लेड डायक्लोराइड राहतं.

हाच शेवटचा भाग बर्फात ठेवून केला तर वेगळं घडतं, आणि ते अभ्यासक्रमात सहसा दाखवत नाहीत. थंडीत डायऑक्साइड तीव्र आम्लात विरघळून पिवळं द्रावण देतं आणि क्लोरीन सुटत नाही. लेड +४ मध्येच आहे, पण सहा क्लोराइडांच्या वेढ्यात. अमोनियम क्लोराइड घातलं तर त्याचं पिवळं अमोनियम लवण बाहेरही पडतं. लिगंडांनी, म्हणजे धातूभोवती जोडल्या जाणाऱ्या अशा आयनांनी, वेढल्यावर वरची अवस्था तगते.

थॅलियम ट्रायआयोडाइडचा उलगडा याच वाटेने होतो. थॅलियम +३ ते +१ चं विभव +१.२५ व्होल्ट, आयोडीन ते आयोडाइडचं +०.५४. +३ थॅलियम आणि तीन सुटे आयोडाइड एकत्र राहूच शकत नाहीत. थॅलियम त्यातल्या दोघांचे इलेक्ट्रॉन घेतो आणि +१ वर येतो. सुटलेलं आयोडीन उरलेल्या आयोडाइडला चिकटून ट्रायआयोडाइड आयन होतो. म्हणजे हा पदार्थ सिझियम ट्रायआयोडाइडचा भाऊबंद, आणि त्याची स्फटिकरचनाही त्याच कुटुंबातली. परीक्षेत इथवर लिहून थांबायला हरकत नाही. पण याच पदार्थात जास्तीचं आयोडाइड घातलं तर टेट्राआयोडोथॅलेट आयन तयार होतो आणि त्यात थॅलियम +३ असतो! चार आयोडाइडांनी +३ ला इतकं सावरलं की विभवच खाली आलं. क्लोराइडने सुद्धा हे घडतं: १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १.२५ चं सुमारे ०.८ व्होल्टपर्यंत उतरतं. कोष्टकातला आकडा पाण्याने वेढलेल्या आयनाचा असतो, याचा विसर पडला की असे घोटाळे होतात.

थॅलियम +१ मध्ये इतका रमतो की तो जवळजवळ अल्क धातूसारखा वागतो. त्याचं हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळतं आणि तीव्र अल्क असतं, कार्बोनेटही विरघळतं. आयनाची त्रिज्या सुमारे १५० पिकोमीटर, पोटॅशियमची १३८. शरीर त्याला पोटॅशियम समजून पेशीत घेतं. तो जहरी का, याचं हे एक उत्तर. प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा उतारा देतात तोही याच गुणाचा फायदा घेऊन. आणि हृदयाच्या तपासणीत ‘थॅलियम स्कॅन’ करतात, त्यात थॅलियम-२०१ हृदयाच्या स्नायूत पोचतो तोही पोटॅशियमच्याच दारातून. क्लोराइड मात्र चांदीच्या क्लोराइडसारखं गार पाण्यात जेमतेम विरघळतं, तेव्हा अल्क धातूंशी नातं पूर्ण नाही.

आता आर्सेनिक. पंधराव्या गणाची पेंटाक्लोराइडं वरून खाली बघा. फॉस्फरसचं सहज मिळतं. आर्सेनिकचं बराच काळ मिळतच नव्हतं. १९७६ मध्ये कोनराड झेप्पेल्ट यांनी द्रवरूप क्लोरीनमधल्या ट्रायक्लोराइडवर −१०५ अंशांना अतिनील किरण टाकून ते मिळवलं, आणि −५० च्या आसपास ते मोडतं. अँटिमनीचं बाटलीतला धुरकट द्रव म्हणून कपाटात असतं. बिस्मथचं माहीतच नाही. हो, नाही, हो, नाही. सरळ उतरण कुठे दिसते? जे दिसतं ते नागमोडी आहे.

या नागमोडीचं कारण आवर्तसारणीच्या मांडणीत आहे. चौथ्या आवर्तात पी-ब्लॉकला पोचण्याआधी पहिल्यांदाच दहा ३डी इलेक्ट्रॉन भरले जातात. तेही केंद्रकाला नीट झाकत नाहीत, म्हणून ४एस जोडी अपेक्षेपेक्षा घट्ट बसते. गॅलियमचा अणू ॲल्युमिनियमहून मोठा नाही, उलट किंचित लहानच. पाचव्या आवर्तात डी-चा भरणा पुन्हा होतो, पण तो वरच्या ओळीतही असल्यामुळे नवा धक्का नाही. सहाव्यात ४एफ आणि सापेक्षतावाद मिळून दुसरा धक्का देतात. म्हणजे चौथी आणि सहावी ओळ अडणारी, पाचवी मोकळी.

हाच नाग सोळाव्या आणि सतराव्या गणात दिसतो. सेलेनिक आम्ल हे सल्फ्युरिक आम्लापेक्षा कितीतरी जहाल ऑक्सिडीकारक. तापवलेलं तीव्र सेलेनिक आम्ल सोनं विरघळवतं. परब्रोमेट तर अस्तित्वातच येऊ शकत नाही, असे सैद्धांतिक लेख छापून येत होते, आणि १९६८ मध्ये इव्हान ॲपलमन यांनी ते बनवलं. पहिला पुरावा कसा मिळवला, तर किरणोत्सारी सेलेनियम-८३ असलेलं सेलेनेट घेतलं. त्याच्या केंद्रकातून बीटा कण बाहेर पडला की तोच अणू ब्रोमीन होतो आणि चार ऑक्सिजन आधीच भोवती असतात. मागच्या दाराने शिरणं म्हणतात ते हेच. विभवं बघितली तर परक्लोरेट १.१९, परब्रोमेट १.७४, परआयोडेट १.६५ व्होल्ट. मधला उंचवटा स्पष्ट आहे.

बिस्मथवर दोन शब्द. +५ बिस्मथ अगदी नाहीच, असं नाही. सोडियम बिस्मथेटची पिवळट पूड गार नायट्रिक आम्लात मँगनीजच्या फिक्या क्षारावर टाकली की परमँगनेटचा जांभळा रंग उमटतो. पोलादातलं मँगनीज मोजायची ही जुनी पद्धत. पेंटाक्लोराइड नाही, पण तीन फिनाइल आणि दोन क्लोरीन असलेलं ट्रायफिनाइलबिस्मथ डायक्लोराइड हा पांढरा, स्फटिकी, बाटलीत ठेवण्याजोगा पदार्थ आहे. पाचही फिनाइल असलेला पदार्थ १९५२ पासून माहीत आहे, आणि तो जांभळा आहे. लेडच्या बाबतीत जे वर सांगितलं, तेच इथे: विद्युतऋण गट कमी केले की +५ ला श्वास घेता येतो.

न वापरलेली ती जोडी जाते कुठे, हा वेगळा विषय आहे, पण एक उदाहरण देतो. लाल लेड मोनॉक्साइडमध्ये प्रत्येक लेडचे चारही ऑक्सिजन एकाच बाजूला असतात. दुसरी बाजू जोडीने अडवलेली. लेड सल्फाइड, म्हणजे खाणीतलं गॅलेना, मात्र मिठासारखं सुबक घनाकृती, जोडीचा मागमूस नाही. ऑक्सिजनच्या पी-कक्षा ऊर्जेने लेडच्या ६एसच्या जवळ आहेत, त्यांची सरमिसळ होते आणि त्यातून जोडी एका बाजूला झुकते. सल्फरच्या कक्षा वर असल्याने ते तितकं होत नाही. तेव्हा ‘इनर्ट’ जोडी शेजारी बघून वागते.

सध्या हा सगळा प्रकार पैशात मोजला जातोय तो पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकरचनेच्या सौरघटांत. २००९ मध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड वापरून ३.८ टक्के कार्यक्षमता दाखवली, आणि तिथून आकडा झपाट्याने वाढत गेला. लेड विषारी, म्हणून टिन वापरून बघतात. बघताच टिनचं +२ हवेत +४ कडे सरकायला लागतं, पातळ थरात नको असलेले धन प्रभारवाहक वाढतात आणि घट मंदावतो. टिन फ्लोराइड घालून, हवाबंद पेटीत काम करून हे आवरतात. पण लेडला जे फुकट मिळतं ते टिनला असं कष्टाने मिळवावं लागतं.

राहिला ११४, फ्लेरोव्हियम. तिथे सापेक्षतावादाचा ताण आणखी वाढतो. ७एस जोडी खोल बसते, आणि ७पीच्या दोन भागांतला आतला भाग दोन इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरतो. म्हणजे चारही बाहेरचे इलेक्ट्रॉन आपापल्या जागी समाधानी. गणितं सांगतात की +४ जवळजवळ हाती लागणार नाही, +२ सुद्धा लेडइतकी सहज होणार नाही, आणि हा धातू पाऱ्यासारखा उडून जाणारा असेल. जर्मनीत डार्मश्टाटला एकेक अणू सोन्याच्या पृष्ठभागावरून नेऊन बघितला, आणि तो खरोखरच अत्यंत बाष्पनशील निघाला. पण तिथे हाताळले जाणारे अणू दोनेक सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर विघटित होतात, म्हणून त्याच्या क्लोराइडची किंवा ऑक्साइडची बाटली कोणाच्या हाती यायची नाही. +२ की ०, हे अणू कुठे चिकटतो यावरूनच ताडावं लागतं.